पेशंटबरोबर काम हवं, पण जीव टांगणीला नको: बारावीनंतर काय घ्यावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बारावी सायन्स झाली, नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणारे नाहीत, घर डोंबिवलीला. घरचे म्हणतात बीएस्सी नर्सिंग घे, नोकरी पक्की. तुला माणसांतच काम करायचंय, लॅबमध्ये नळ्या हलवत बसायचं नाही. आजीला पॅरालिसिस झाला तेव्हा तिचं सगळं तूच केलंस आणि ते तुला मनापासून आवडलं. पण सुरुवातीला ती आयसीयूत होती तेव्हाची पळापळ, मॉनिटरचे आवाज, दारावरची नातेवाइकांची भांडणं बघून तुझे हातपाय गार पडले. म्हणून विचारतेस की मेडिकल लाइनमध्ये कमी ताणाचं, तरीही पेशंटजवळचं काम कुठलं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखापत किंवा आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून उपचार करणारी. उमेदीची सगळी वर्षं महापालिकेच्या इस्पितळात गेली, आता ठाण्यात मुलांच्या थेरपी सेंटरवर अर्धवेळ बसते. माझं माप माझ्या धंद्याकडे थोडं झुकणारच, ते धरून वाच.

आधी तुझ्याच लिहिण्यातली एक गोष्ट उचलते. आजीच्या बेडसोअरचं ड्रेसिंग तू स्वतः करायचीस असं तू सहज लिहून गेलीस. म्हणजे जखम, वास, शी-शू यांना तू घाबरत नाहीस. तू घाबरतेस ती गोंधळाला. घरची मंडळी या दोन्हीची एकच मोट बांधतात आणि म्हणतात, ‘हिला हॉस्पिटल झेपणार नाही.’ ज्यांना खरोखर रक्त बघवत नाही त्यांनी वेगळ्या वाटेने जावं. तुझ्यापुढची वाट बरीच रुंद आहे.

रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये नोकरीतल्या ताणाविषयी एक मांडणी केली, ती मला आमच्या वॉर्डात रोज दिसायची. कामाचा बोजा मोठा आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे मात्र आपल्या हातात नाही, अशा जागी माणूस सर्वात लवकर पिचतो. बोजा तेवढाच, पण क्रम आणि गती आपण ठरवू शकतो, तिथे तोच माणूस वर्षानुवर्षं टिकतो. आता वॉर्डातली सिस्टर डोळ्यांसमोर आण. सकाळी हँडओव्हर संपतो न संपतो तोच राउंड सुरू. एका बेडची सलाइन संपत आलेली, दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला ट्रॉली आलेली, तिसऱ्याचा मुलगा रिपोर्टसाठी काउंटरवर उभा, फोन वाजतोय, मावशी रजेवर. यांतलं कुठलंही काम अवघड नाही. पण आधी कुठलं करायचं हे ती ठरवत नाही, जो जास्त जोरात ओरडेल तो ठरवतो. तुला आयसीयूत जे जाणवलं ते हेच, आणि तुझं जाणवणं अचूक होतं.

म्हणून कुठल्याही कोर्सचं नाव आलं की मी मुलांना चार-पाच गोष्टी विचारायला लावते. या कामात इमर्जन्सी थेट तुझ्या अंगावर येते की कोणीतरी ती आधी झेललेली असते? एका वेळी तुझ्यासमोर एक पेशंट असतो की वीस? नातेवाईक चिडला तर त्याच्यासमोर पहिली कोण उभी असते? रात्रपाळी आहे का, आणि असली तर किती वर्षं? घरी जाताना काम डोक्यात येतं का? पगार आणि मान-मरातब याच्यानंतर. नातेवाइकांच्या रागाचं मी उगाच म्हणत नाही. हॉस्पिटलमधल्या माणसांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तरी कॅज्युअल्टीच्या दारावर सिक्युरिटी गार्ड लागतातच.

नर्सिंगबद्दल आधी बोलते, कारण घरून तोच आग्रह आहे. ‘नोकरी पक्की’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे. जेवढ्या जागा नर्सना निघतात तेवढ्या आमच्यासारख्यांना कधीच निघत नाहीत. नर्सिंगमध्येही शांत कोपरे आहेत: लसीकरणाची ओपीडी, आरोग्य केंद्रं, शाळेतली नर्स, डायलिसिस, स्तनपानाचं समुपदेशन. सायनच्या इस्पितळात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दुधाची बँक सुरू केली, आशियातली ती पहिली. तसल्या विभागात नवीन आईजवळ बसून बाळाला छातीशी कसं धरायचं हे शिकवण्यात सकाळ जाते, आणि ते काम करणाऱ्या सिस्टर मला नेहमी इतरांपेक्षा निवांत दिसल्या. अडचण एवढीच की या जागा नव्या मुलीला मिळत नाहीत. आधी जनरल वॉर्ड, आयसीयू, नाइट, असं सगळं काढावं लागतं, आणि शांत कोपऱ्यात जायला सीनियर रांगेत असतातच. ती सुरुवातीची वर्षं काढायची तयारी असेल तर नर्सिंग वाईट नाही. तुझं वाचून मला ती तयारी दिसली नाही. दिसली नाही म्हणजे नसेलच असं नव्हे.

फिजिओथेरपी. प्रत्येक आईबापाच्या डोक्यात दुसरं नाव हेच असतं, आणि ‘फिजिओ म्हणजे आरामाचं’ असाही एक समज असतो. मुंबईशी या विषयाचं जुनं नातं आहे. १९५२ मध्ये इथे पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम इस्पितळात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. विषय भक्कम आहे, मागणी आहे. पण काम कुठे करतेस यावर ताण शंभर टक्के बदलतो. मोठ्या इस्पितळात फिजिओला आयसीयूतही जावं लागतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची छाती मोकळी करणं, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नळ्या सांभाळत त्याला उभं करणं, हे तिचंच काम. न्यूरोच्या वॉर्डात स्वतःपेक्षा दीडपट वजनाच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, आणि ते रोज. चाळिशीत स्वतःच्या कमरेसाठी फिजिओकडे जाणाऱ्या फिजिओ मी बऱ्याच पाहिल्यात. खासगी क्लिनिकमध्ये वेगळीच तऱ्हा: चार कॉट, चार पडदे, प्रत्येकावर मशीन लावून पंधरा-वीस मिनिटांत पुढचा. होम व्हिजिट घेतल्या तर स्कूटरवर घोडबंदर रोड. हे सगळं नको असेल तर फिजिओमध्ये ओपीडीवर चालणारं काम शोधावं लागतं: सांधेदुखी, खेळाडू, गरोदरपणातले व्यायाम. मिळतं, पण कोर्समध्ये आणि इंटर्नशिपमध्ये आयसीयूची पोस्टिंग सगळ्यांनाच असते, ती टळत नाही.

आता माझ्या गल्लीत ये. ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे ओटीचं, आशियातलं पहिलं शिक्षण १९५० मध्ये केईएमलाच सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. आज केईएम, नायर आणि सायन, तिन्हीकडे हा कोर्स आहे. फिजिओइतकं नाव नाही, लग्नात कोणी विचारलं तर दोन मिनिटं समजावून सांगावं लागतं आणि शेवटी समोरचा म्हणतो, ‘म्हणजे व्यायामच ना?’ सवय होते.

काम काय ते एका पेशंटवरून सांगते, नाहीतर तूही व्यायामच समजशील. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात पत्रा कापताना कामगाराच्या दोन बोटांच्या टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, कापल्या जातात. पेशंटच्या भाषेत ‘नस तुटली’. सर्जन शिवून देतात आणि थोड्या दिवसांत तो आमच्याकडे येतो, हात छातीशी धरलेला, बोटं सुजून काकडीसारखी. टेबलावर गरम पाण्याचा ट्रे असतो, साधारण पासष्ट-सत्तर अंशांवर. त्यात प्लास्टिकची एक पांढरी शीट टाकायची. मिनिटभरात ती ओल्या पापडासारखी लवते. ती काढून, पुसून, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना बघायचं आणि त्याच्या हाताच्या मागच्या बाजूवर ठेवायची. मनगट किंचित वाकलेलं, बोटांची मुळं वाकलेली, पण पेरं सरळ. दोन-तीन मिनिटं तळहाताने धरून बसायचं. या वेळात कोणी हाक मारली तरी मान वर करायची नाही, शीट निवताना कोन बदलला तर सगळं पुन्हा. निवली की कडा घासायच्या, वेल्क्रो लावायचा, झाला स्प्लिंट, हात ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा आधार.

पुढे पहिले काही आठवडे त्याने स्वतःच्या ताकदीने मूठ घट्ट वळायची नाही, पण बोटं नुसती पडूही द्यायची नाहीत. अजिबात हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटते आणि बोट कायमचं कडक होतं. जास्त जोर लावला तर शिवण सुटते. किती हलवायचं, कधी वाढवायचं, हे दर आठवड्याला हात बघून ठरवतात. जोर लावून वजन उचलायला तीनेक महिने जातात. तो मात्र पहिल्याच दिवशी विचारतो, ‘मॅडम, गाळ्यावर कधी जाऊ?’ कारण रोजंदारी बुडतेय. आणि मधेच एखाद्या आठवड्यात स्प्लिंट काढून कामावर जाऊनही येतो, विचारलं तर खाली बघतो.

या कामात ताण नाही असं मी म्हणणार नाही. बोट कडक राहिलं तर त्याचं पोट अडतं, हे डोक्यात राहतं. पण एका वेळी एक हात, अर्ध्या तासाची वेळ, निर्णय माझा, आणि पुढच्या मंगळवारी तोच माणूस परत. तू आजीजवळ बसून जे केलंस ते याच जातीचं होतं: तेच माणूस, रोज थोडं, फरक महिन्याने दिसणारा. ज्यांना हा वेग आवडतो त्यांना इमर्जन्सीवाल्यांचा हेवा वाटत नाही. उलटही खरं आहे. माझ्या बॅचची एक मैत्रीण या संथपणाला इतकी कंटाळली की तिने इस्पितळाच्या व्यवस्थापनाकडे मोर्चा वळवला आणि आता दिवसभर भांडणं सोडवते, खूश आहे.

मुलांच्या ओटीत मात्र सावध राहा. तिथे वातावरण झोपाळ्याचं, रंगीत चेंडूंचं, बाहेरून बघणाऱ्याला मजाच वाटते. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीचं मूल सहसा ताण देत नाही. ताण देते ती दाराबाहेर बाकावर बसलेली आई, जी दर वेळी विचारते, ‘काही फरक वाटतोय का?’ आणि उत्तर देताना तुला खोटी आशाही द्यायची नसते, तिची कंबरही मोडायची नसते. शिवाय मुलं शाळेतून सुटली की येणार, म्हणजे सेंटर दुपारी तीन ते रात्री आठ भरलेलं. लग्न झालेल्या मुली याच वेळेमुळे सोडतात. उलट बाजूही आहे: अशी सेंटरं डोंबिवली, कल्याण, ठाण्यात आता गल्लोगल्ली आहेत, लोकलने दादर गाठायची गरज नाही.

तुझ्यासाठी मी दुसरं नाव घेईन ते ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या आणि बोलण्याचे उपचार. कोर्सचं नाव बीएएसएलपी. तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. मुंबईत नायरला आहे, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. तिची प्रवेशप्रक्रिया वेगळी जाहीर होते, वेबसाइटवर लक्ष ठेव. ऑडिओलॉजी म्हणजे इस्पितळातली बहुधा सर्वात शांत खोली, अक्षरशः. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, जाड दार, पेशंटच्या कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत एकेक सूर कमी-जास्त करत त्याला जेमतेम ऐकू येतो तो बिंदू शोधायचा, आधी एक कान, मग दुसरा. काचेपलीकडे बसून तू त्याचा चेहरा बघत असतेस. तान्ह्या बाळाची तपासणी तर ते झोपलं तरच होते, म्हणून अख्खी ओपीडी एका बाळाच्या झोपेची वाट बघत कुजबुजत बसलेली असते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र, मिळालेल्या मुलाला आवाजाचा अर्थ लावायला शिकवणं हे पुढे वर्ष-दोन वर्षं चालणारं काम, आणि ते करणाऱ्यांना त्यात फार समाधान असतं.

इथेही दोन खड्डे आहेत, ते कोणी माहितीपुस्तिकेत छापत नाही. सरकारी इस्पितळात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा दिवस असतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बऱ्याच सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर आहे. त्या रेघेच्या अलीकडचा माणूस पलीकडे जायला बघतो. काहीजण ऐकू येत असून बटण दाबत नाहीत. अनुभवी ऑडिओलॉजिस्टला ते कळतं, कारण खोटं बोलणाऱ्याचे आकडे दर खेपेला वेगळे येतात, आणि शंका आली तर बेरा नावाची तपासणी आहे, तिला पेशंटचं उत्तर लागतच नाही. पण मग तो बाहेर येऊन भांडतो, कधी कोणाची चिठ्ठी आणतो. इमर्जन्सी नसलेल्या विभागातलं हेच ते भांडण, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. दुसरा खड्डा खासगीत: श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी धरलीस तर महिन्याला किती मशीन विकलीस हे विचारणारा मॅनेजर असतो. तो ताण नातेवाइकांच्या ताणापेक्षा हलका असतो असं मला वाटत नाही. चष्म्याच्या मोठ्या शोरूममध्ये बसणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टचंही तेच. डोळे तपासणं हे फार सुंदर, निवांत काम आहे, अंधाऱ्या खोलीत ‘हे बरं की हे बरं?’ विचारत बसायचं. पण धर्मादाय नेत्र रुग्णालयात ते करणं वेगळं आणि मॉलमध्ये फ्रेम खपवत करणं वेगळं.

डायलिसिस टेक्निशियन हा पर्याय तू विचारला आहेस. कामाला चौकट आहे: एका पेशंटचे चार तास, आठवड्यातून दोनदा-तीनदा, तीच माणसं, त्याच खुर्च्या. सुया टोचणं, मशीनची जोडणी, दर थोड्या वेळाने बीपी. बहुतेक वेळ शांतपणे जातो. पण बीपी एकदम पडलं की तीच जागा दोन मिनिटांत आयसीयू होते, आणि पहिली शिफ्ट भल्या पहाटे सुरू होते. शिवाय ज्या काकांशी तू दोन वर्षं क्रिकेटवर वाद घातलास ते एक दिवस येत नाहीत. तुला गोंधळ सोसत नाही, दुःख सोसतं की नाही ते तूच बघ. दुःख सोसत असेल तर पॅलिएटिव्ह केअरकडेही, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणाऱ्या सेवेकडेही, दुर्लक्ष करू नकोस. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं घर. टाटा मेमोरियलमध्येही त्याचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेरच्याला वाटतं तिथे काम करणारे रोज रडत असतील. मला तिथली माणसं कॅज्युअल्टीतल्यांपेक्षा स्थिर दिसली, कारण तिथे कोणी धावत नाही आणि कोणी कोणाला खोटं सांगत नाही. मात्र बारावीनंतर थेट तिथे जाता येत नाही. नर्सिंग, समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या वाटेने जावं लागतं.

आहारतज्ज्ञ: शांत, पण मोठ्या इस्पितळात अर्धा जीव किचनच्या ट्रॉल्यांत आणि बाहेर वजन घटवण्याची पॅकेजं विकण्यात जातो. मेडिकल सोशल वर्कर हे नाव ऐकायला सौम्य आहे. जेजेत १९४६ मध्ये देशातली पहिली नेमणूक झाली तेव्हापासूनच ते काम पैसे नसलेल्या माणसाच्या आणि बिल मागणाऱ्या खिडकीच्या मधोमध उभं राहण्याचं आहे. तुला मी ते सुचवणार नाही.

एक गोष्ट मुंबईबाहेरच्या सल्ल्यात कधीच नसते: प्रवास. सकाळी आठची ड्युटी परळला म्हणजे साडेसहाच्या आत घर सोडणं. संध्याकाळी दादरला फास्टमध्ये शिरणं. हे सहा दिवस. कामावर शांत असलेल्या मुली ठाण्यापर्यंत उभ्याने येऊन घरी पोचतात तेव्हा त्यांच्यात कोणाशी दोन शब्द बोलायचा जीव उरत नाही, आणि मग त्या म्हणतात जॉब स्ट्रेसफुल आहे. कॉलेजची वर्षं हा प्रवास करावाच लागेल, चांगलं क्लिनिकल शिक्षण मोठ्या सार्वजनिक इस्पितळातच मिळतं, तिथे जितके पेशंट एका सकाळी दिसतात तितके इतरत्र महिन्यात दिसत नाहीत. पण नोकरी निवडताना घराजवळची, थोड्या कमी पगाराची जागा मी तरी आधी धरीन.

पगाराचं लपवत नाही. थेरपीच्या कोर्सनंतर खासगी सेंटरवर सुरुवातीला हातात फार थोडं पडतं, बऱ्याच ठिकाणी सेशनमागे वाटा. महापालिकेच्या कायम जागा मोजक्या, निघतात तेव्हा निघतात. तीन-चार वर्षांत स्वतःचे पेशंट जमले की चित्र पालटतं. घरात तुझ्या पगारावर लगेच काही अवलंबून असेल तर हे घरच्यांशी आत्ताच बोल, कारण पैशाची ओढाताण असली की कुठलंही शांत काम शांत राहत नाही.

प्रवेशाचं: महाराष्ट्रात फिजिओ, ओटी आणि बीएएसएलपीच्या जागा नीटच्या मार्कांवर राज्याच्या सीईटी सेलकडून, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्षाकडून, भरल्या जातात, नियम दर वर्षी थोडे हलतात, म्हणून या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, एजंटचं ऐकू नकोस. फिजिओ आणि ओटी इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाशी जोडलेलं आहे ना, ऑडिओलॉजीचा कोर्स आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) यादीत आहे ना, हे बघ. फिजिओ आणि ओटीसारख्या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा नवा कायदाही आला आहे. ‘सहा महिन्यांत फिजिओ’ किंवा ‘एका वर्षात थेरपिस्ट’ अशा पाट्या कल्याण स्टेशनबाहेर दिसतील, तिकडे फिरकू नकोस. त्या कागदावर पुढे कुठेही नोंदणी होत नाही.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. केईएम किंवा नायरच्या ओटी विभागात आणि ऑडिओलॉजीत विभागप्रमुखांना साधं पत्र देऊन एक-दोन सकाळी बसायची परवानगी माग. बहुतेक देतात. बसलीस की प्रमुखांकडे बघू नकोस, त्या सगळीकडे रुबाबातच असतात. सर्वात ज्युनिअर मुलीकडे बघ. ती डबा किती वाजता उघडते, जेवताना तिला किती वेळा उठावं लागतं, पेशंटशी बोलताना तिची नजर घड्याळाकडे जाते का, आणि पेशंट गेल्यावर ती त्याच्याबद्दल शेजारणीला काय सांगते. प्रमाणपत्राचा वार कुठला ते विचारून मुद्दाम त्याच दिवशी एकदा जा. तो दिवस तुला सोसला तर बाकीचे सोसतील. तिथे कोणी मोकळं सापडलं तर ‘काम आवडतं का’ असं विचारू नकोस, सगळे होच म्हणतात. ‘गेल्या वर्षी इथून कोण सोडून गेलं आणि का’ असं विचार.

हे बघून झाल्यावरही मन वर-खाली झालं नाही, तर माझ्या मते पहिला पर्याय बीओटीएच, म्हणजे ओटीची पदवी, मुंबईतली तिन्ही पालिका कॉलेजं आधी. मग बीएएसएलपी, आणि अली यावर जंगचा अर्ज त्याशिवाय वेगळा. फिजिओ तिसरं. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. ती दिली असशील तर तो फॉर्मही भरून ठेव, घरचेही गप्प बसतील आणि सीट मिळाली तरी घ्यायलाच हवी असं कोणी म्हणत नाही. ओटीची ओपीडी सकाळी नवापासून भरते, पण तुला हात बघायचे असतील तर अकरानंतर जा, स्प्लिंटचे पेशंट साधारण तेव्हा घेतात.